अजातशत्रू फेगडे

जळगाव शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत गेल्या पंधरा वर्षांत जी माणसं थोर झाली, त्यांतली निदान अकरा शालिग्राम नाना फेगड्यांनी स्वतःच्या हातांनी थोर केलेली आहेत. त्यांत एक केळीचे व्यापारी होते, दोन चेअरमन होते, एक डोळ्यांचे डॉक्टर होते आणि पहूरचे एक गृहस्थ असे होते की त्यांनी आयुष्यात नेमकं काय केलं हे त्यांच्या घरच्यांनाही धड सांगता येत नव्हतं. नानांनी त्यांच्यावरही एकशे साठ पानं लिहिली. पुस्तकाला 'कर्मयोगी' असं नाव दिलं आणि घरच्यांनी ते वाचून, आपल्याला हे आधी कोणी का सांगितलं नाही, असं एकमेकांना विचारलं म्हणतात.

गौरवग्रंथ ही वस्तू कोणाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या माळ्यावर एक तरी असतो. माणूस पंचाहत्तरीला आला की समिती होते, शाल होते, नारळ होतो आणि हा ठोकळा होतो. नानांची त्यासाठीची विशेषणं ठरलेली होती: निगर्वी, मितभाषी, हसतमुख, अजातशत्रू. पहिल्या प्रकरणात नायक चार मैल चालत शाळेत गेलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. डोळ्यांच्या डॉक्टरांचा जन्म शाळेला लागून असलेल्या बंगल्यात झाला होता, तेव्हा नानांनी त्यांना आजोळी नेऊन तिथून चालवलं. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. पुढेपुढे भाषणात ते स्वतःच त्या चार मैलांबद्दल बोलू लागले.

तर हे नाना यंदाच्या चैत्रात पंचाहत्तर पूर्ण करणार होते. वर्षभर आधीपासून ते वाट पाहत होते. कोणीतरी येईल आणि म्हणेल, "नाना, तुम्ही सगळ्यांचं केलंत, आता तुमचं आम्ही करणार." दिवाळी गेली, संक्रांत गेली, कोणी आलं नाही. दिवसातून दोनदा घंटी वाजायची. एकदा डबा यायचा आणि एकदा रिकामा डबा न्यायला माणूस यायचा. बायको, लताबाई, जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती मुलगी नूतन पुण्याला बँकेत होती. घरात बोलणारं असं कोणी नव्हतं, कूलर तेवढा आवाज करायचा आणि तोही पाणी भरलं तर.

नानांनी सुचवून पाहिलं. शेजारी हेमराज भंगाळे होते, वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य दारूगोळ्यात गेल्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे.

"हेमराज, या चैत्रात मला पंचाहत्तर पूर्ण होतात," नाना फाटकावर हात ठेवून म्हणाले.

"मंग आता मीठ कमी करा, नाना," हेमराज म्हणाले. "आन् वांग्याचं भरीत बंद."

माणसाला आपण कोणाच्या तरी लक्षात आहोत एवढं कळलं तरी पुरतं. नानांना तेवढंच हवं होतं. पण ते मागायची त्यांना एकच रीत माहीत होती आणि ती एकशे साठ पानांची होती. म्हणून माघ संपता संपता त्यांनी 'श्री. शालिग्राम फेगडे अमृतमहोत्सव गौरव समिती' स्थापन केली. स्थापनेला ते एकटेच हजर होते. अध्यक्षपद त्यांनी हेमराजांना दिलं आणि एकाही बैठकीला यावं लागणार नाही या अटीवर हेमराजांनी ते स्वीकारलं.

"पन नाना, सोताचं सोताच करू ऱ्हायले, तं मंग मधात माझं नाव कायले?"

"तशी पद्धत आहे. स्वतः स्वतःचा गौरव करणं बरं दिसत नाही."

"दिसते कोनाले पन?" हेमराज म्हणाले. यात त्यांना काही वाईट बोलायचं नव्हतं, पण नाना घरात येऊन बराच वेळ चष्मा पुसत बसले.

गौरवग्रंथाच्या पहिल्या पानावर एखाद्या मोठ्या पुढाऱ्याचा शुभेच्छासंदेश लागतो. त्याशिवाय ग्रंथ उघडल्यासारखा वाटत नाही. नाना अर्ज, दोन फोटो आणि स्वतःच लिहून आणलेला संदेश घेऊन एका पुढाऱ्यांच्या कार्यालयात गेले. तिथल्या गृहस्थांनी वयाचा दाखला मागितला.

"शुभेच्छांना दाखला?"

"मागे एकांनी अडुसष्टाव्या वर्षीच पंचाहत्तरी करून घेतली. तेव्हापासून साहेब दाखल्याशिवाय सही करत नाहीत."

नानांनी शाळा सोडल्याचा दाखला काढला. आयुष्यभर कचेरीत काढलेल्या माणसाच्या पिशवीत तो असतोच. गृहस्थांनी तो वाचला, बोटांवर काहीतरी केलं आणि परत दिला. "काका, तुम्ही त्र्याहत्तरचे आहात."

खरी गोष्ट अशी होती की नानांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी, त्या काळी सगळ्याच मुलांची लावत तशी, एक जून ही तारीख लावली होती आणि पुढे नोकरीत बरं पडेल म्हणून दोन वर्षंही खाली उतरवली होती. ती दोन वर्षं नानांनी नोकरीत गुपचूप उपभोगली होती. आता मात्र ती परत करता येईनात. आपली आई चैत्रातली अष्टमी सांगायची, असं ते म्हणाले. त्यावर गृहस्थ म्हणाले की आईचा दाखला असेल तर जोडा. अडतीस वर्षं नानांनी लोकांना कागद आणायला परत पाठवलं होतं, त्यामुळे या उत्तराला तोड नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार! "दोन वर्षांनी या," गृहस्थ अदबीने म्हणाले. नानांनी नमस्कार केला आणि ते उन्हात बाहेर आले.

पण नानांनी हार मानली नाही. संदेश नसला तर नसला, आठवणींचे लेख तर येतील! त्यांनी सत्तावीस नावांची यादी केली. पहिला फोन भडगावच्या योगराज पाटलांना लावला. योगराजांचा गौरवग्रंथ दोनच वर्षांपूर्वी नानांनी केला होता.

"वा, वा! तुमच्यावर नाही लिहायचं तर कोणावर लिहायचं?" योगराज म्हणाले. "एक करा. तुम्हीच लिहून पाठवा, मी सही करतो."

दुसरा फोन, तिसरा फोन, सत्ताविसावा फोन. सगळे आनंदाने तयार होते आणि सगळ्यांची तीच अट होती. यात नानांनी तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. अकरा ग्रंथांतले झाडून सगळे लेख त्यांनी असेच लिहिले होते. लेख ज्याच्या नावावर आहे त्याने तो लिहिलेला नसतो, हे खानदेशात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. फक्त आजवर हे दुसऱ्यांच्या बाबतीत घडत होतं.

नाना बसले लिहायला. दुपारची उन्हं खिडकीवरच्या वाळ्याच्या ओल्या ताट्यावर पडायची आणि नाना कधी योगराज व्हायचे, कधी डॉक्टर, कधी केळीचे व्यापारी. सुरुवातीला हात अडखळला. मग लागला चालायला. योगराजांच्या लेखात त्यांनी गिरणेत पोहण्याचा प्रसंग घातला. दोघं जिवाभावाचे मित्र, काठावर एकच टॉवेल, तो नाना आधी मित्राला देतात. खरं तर नाना योगराजांना पहिल्यांदा भेटले ते वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. पण लिहिताना ती नदी, तो टॉवेल असा काही डोळ्यांपुढे आला की नानांना योगराजांची आठवण येऊ लागली. इतके दिवस आपण भेटलो नाही याची रुखरुख लागली. शेवटचं वाक्य लिहिलं, 'असा मित्र लाभायला भाग्य लागतं', आणि नानांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या आठवड्यात एका लग्नात योगराज समोरच भेटले. नाना दोन्ही हात पसरून पुढे झाले. योगराजांनीही प्रेमाने त्यांचा हात धरला, थोडं बाजूला घेतलं आणि विचारलं, "तो मठ्ठा संपलाय तिकडं. तुम्ही केटरिंगवाले ना?"

नाना म्हणाले, "बघतो." आणि खरोखरच जाऊन त्यांनी मठ्ठ्याचं सांगितलं. दुसरं काय करणार होते?

त्या संध्याकाळी त्यांनी नूतनला फोन केला. मठ्ठ्याचं काही सांगितलं नाही. ग्रंथाचं सांगितलं.

"बाबा, इंग्रजीत याला हॅजिओग्राफी म्हणतात," नूतन हसून म्हणाली.

"कशाला?"

"अशा चरित्राला. पूर्वी साधुसंतांची लिहायचे ना, चमत्कार वगैरे, त्यांना म्हणायचे. आता जरा टोमणा म्हणून म्हणतात. ज्यात माणसाचा एक दोष शोधून सापडत नाही असं चरित्र."

"आपल्याकडे त्याला काय म्हणतात?"

नूतनने थोडा विचार केला. "आपल्याकडे चरित्रच म्हणतात."

नानांना हे लागलं. त्यांनी कपाटातला शब्दकोश काढला आणि पानं उलटली. भाट सापडला, स्तुतिपाठक सापडला, तोंडपुजा सापडला. पण ही सगळी माणसं झाली, ग्रंथाला नाव सापडेना. शेवटी नाना अशा निष्कर्षाला आले की इंग्रजांना वेगळा शब्द लागतो, कारण त्यांच्याकडे दोन तऱ्हेची चरित्रं निघतात. आपल्याकडे दुसऱ्या तऱ्हेचं कोणी छापतच नाही, मग शब्द कशाला हवा? हा निष्कर्ष त्यांना इतका आवडला की तो सांगायला त्यांनी नूतनला पुन्हा फोन लावला, आणि सांगून झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझा लेख कधी पाठवतेस? 'माझे बाबा'. दोन पानं पुरे."

"बाबा, तुम्हीच लिहा ना. मार्चएंड आहे, मान वर करायला वेळ नाही. मी काय म्हणणार ते तुम्हाला माहितीच आहे."

"हो, हो," नाना म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ते मुळीच माहीत नाही. सत्तावीस परक्यांच्या तोंडचं त्यांनी लिहिलं होतं, पोटच्या मुलीच्या तोंडी काय घालावं हे त्यांना सुचेना. 'माझे बाबा' एवढं लिहून तो कागद त्यांनी बाजूला ठेवला.

ग्रंथाची जुळणी स्नेहल करत होती. मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर तिचं डीटीपीचं दुकान होतं. चाळिशीची बाई, स्पष्ट बोलणारी, आणि नानांचे अकराही ग्रंथ तिनेच टाइप केलेले. म्हणजे ते पूर्ण वाचलेली जगातली ती एकटीच.

"नाना, एक विचारू?" ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "या सत्तावीस लोकांना तुम्ही एकाच पावसात स्वतःची छत्री दिलीत?"

"तो दृष्टान्त आहे."

"आणि प्रत्येक वेळी स्वतः भिजत घरी गेलात. न्यूमोनिया झाला असता. शिवाय ही छत्री आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची होती."

ती पुढे म्हणाली, "बरं, काकूंचं पान कधी देताय?"

'सहधर्मचारिणीच्या नजरेतून' हे प्रकरण प्रत्येक गौरवग्रंथात असतंच. नानांनी ते अकरा बायकांच्या वतीने लिहिलं होतं आणि अकरा बायकांनी एकच वाक्य म्हटलं होतं: 'यांनी मला कधीही कशाची उणीव भासू दिली नाही.' आता बाराव्यांदा लिहायला नाना तीन दुपारी बसले. वाक्य कागदावर उतरलं, पण लता ते म्हणाली असती असं काही केल्या वाटेना. मग ती काय म्हणाली असती? नाना आठवत बसले. चाळीस वर्षं ती बोलत होती आणि ते पेपर वाचत होते. मधूनमधून 'हं' म्हणत होते. तो 'हं' तेवढा त्यांना स्वच्छ आठवला, तिचं बोलणं आठवेना, आणि त्या रिकाम्या घरात नानांना फार एकटं वाटलं. इतकं एकटं त्यांना ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी घर भरलेलं होतं.

"काकूंचं पान कोरं ठेवू," ते स्नेहलला म्हणाले.

स्नेहलने 'सेवाकाळातील क्षण' या पानासाठी आणलेला धुळ्याच्या कचेरीतला जुना फोटो मोठा केला. "हे कोण? सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि हे तुमच्याकडे बघून काहीतरी बोलताहेत."

"तो आधार बागूल."

"यांचा लेख आहे?"

"नाही."

"मग तुम्हीच लिहाल ना?"

"त्याचा मला लिहिता येणार नाही," नाना म्हणाले, आणि स्नेहलने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं म्हणून त्यांना पुढचं सांगावं लागलं.

धुळ्याच्या कचेरीत नाना आणि आधार एकोणीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसले होते. आधार वयाने पाचसहा वर्षांनी लहान आणि पहिल्या नंबरचा भांडखोर. साहेबांशी भांडायचा, ठेकेदारांशी भांडायचा, कोणी नसलं तर पंख्याशी भांडायचा. अकरा वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला तेव्हा मानपत्र लिहायला नानांना जळगावहून बोलावलं होतं. नानांपाशी डोळ्यांच्या डॉक्टरांचं मानपत्र तयार होतं. त्यांनी नाव बदललं आणि चौकट करून नेलं. 'निगर्वी, मितभाषी, अजातशत्रू' असं स्टेजवरून वाचलं गेलं तसं सगळं सभागृह हसलं. एकटा आधार हसला नाही. त्याने माइक घेतला आणि म्हणाला, "हे ज्याचं असेल त्याला नेऊन द्या." ती चौकट त्याने नानांच्या मांडीवर आणून ठेवली. खानदेशात परत आलेलं ते पहिलं मानपत्र. नानांनी तो अपमान धरून ठेवला आणि दोघांमध्ये पुढे एक शब्द झाला नाही.

"एकोणीस वर्षं समोर बसलेल्या माणसाला डॉक्टरांचं मानपत्र?" स्नेहल म्हणाली. "मीही परत केलं असतं."

नाना तणतणत घरी आले. एका डीटीपीवाल्या बाईने आपल्याला असं बोलावं! दोन दिवस ते तिच्याशी मनातल्या मनात भांडले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी धुळ्याला पत्र टाकलं. अगदी सरकारी: 'विषय: गौरवग्रंथासाठी लेख मिळणेबाबत. आपण सोयीनुसार लेख पाठवावा अथवा मजकूर इकडून तयार करून पाठविल्यास त्यावर स्वाक्षरी करावी.' हे दुसरं वाक्य लिहायला नको होतं असं पत्र पेटीत पडल्यावर त्यांना वाटलं. पण पेटीत गेलेलं पत्र काढून घेता येत नाही हेही त्यांना नियमाने माहीत होतं.

नऊ दिवसांनी जाड पाकीट आलं. आत चार फुलस्केप होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. सरकारी नोकराबद्दल वरिष्ठ दरवर्षी जो गोपनीय अहवाल लिहितात, त्याच नमुन्यात रकाने आखलेले होते.

'कर्मचाऱ्याचे नाव: श्री. शालिग्राम फेगडे. कालावधी: एकोणीस वर्षे. अहवाल लिहिणारा: आधार बागूल. कनिष्ठाने वरिष्ठाचा अहवाल लिहिण्याची तरतूद नाही, याची जाणीव आहे.

कामाचा उरक: बरा. अक्षर सुंदर, मजकूर कमी.

नियमितपणा: रोज दहाला हजर. हजर झाल्याचे सर्वांना सांगत.

सहकाऱ्यांशी वागणूक: लतावहिनी माझ्यासाठी डब्यात एक पोळी जास्त घालीत. ती हे वाटेतच खात. मी वहिनींना कधी कळू दिले नाही. वहिनी मला म्हणत, "भाऊ, यांना सांगून काही उपयोग नसतो, तुम्हालाच सांगते," आणि सांगत. बाई फार मजेशीर बोलत. हे ऐकत नसत, ही यांचीच हानी.

स्वभाव: भित्रा. साहेब आले की खुर्चीतून अर्धे उठतात आणि तसेच राहतात. ना बसलेले, ना उभे.

विनोदबुद्धी: आहे. दुसऱ्या दिवशी कामावर येते.

सचोटी: निःसंशय. एक अपवाद, खाली पाहावे.

विशेष कामगिरी: एक. मी साहेबांशी भांडलो म्हणून माझी बदली अक्कलकुव्याला निघाली होती. घरी द्रौपदाबाईला सातवा महिना होता. बदलीची ती फाईल फेगडे यांच्या टेबलावरून गहाळ झाली. ज्यांच्या टेबलावरची टाचणी हरवत नसे, त्यांच्याकडून फाईल हरवली आणि अकरा महिने सापडली नाही. सापडली तेव्हा साहेबच बदलून गेले होते. फेगडे यांना ठपका मिळाला. फाईल लतावहिनींच्या गव्हाच्या कोठीत होती, हे मला वहिनींनी सांगितले. फेगडे यांनी आजपर्यंत सांगितलेले नाही. मीही विचारलेले नाही. माझा प्रशील धुळ्यात, आपल्या घरी जन्मला.

लेखन: मला मितभाषी म्हटले. सबब परत केले.

सर्वसाधारण शेरा: बरा माणूस. मानपत्रास अपात्र.

प्रतिकूल शेऱ्यांबाबत म्हणणे मांडायचे असल्यास समक्ष हजर राहावे. टपालाने आलेल्याचा विचार होणार नाही.'

आणि समासात, आडव्या अक्षरांत: 'वहिनी गेल्याचे दोन महिन्यांनी कळले. यावेसे वाटले. आलो नाही. ही चूक माझी. नमुन्यात तिला रकाना नाही, म्हणून इथे लिहिली.'

नानांना आधी भयंकर राग आला. भित्रा! अर्धे उठतात! त्यांनी कागद टेबलावर आपटले, फेऱ्या मारल्या, पुन्हा वाचले. पोळीशी आले आणि त्यांना हसू फुटलं. मग लताचं वाक्य आलं. यांना सांगून काही उपयोग नसतो. अगदी तिचंच, तिच्याच आवाजात. तीन दुपारी शोधून न सापडलेली बाई धुळ्याहून पाकिटात आली होती. नाना कागद छातीशी धरून मोठ्याने रडले, आणि ऐकायला कोणी नाही याचं त्या दिवशी त्यांना बरं वाटलं.

फाईलचं त्यांनी ग्रंथात कुठेच लिहिलं नव्हतं. उलट 'प्रदीर्घ सेवेत एकही ठपका नाही' असं तीन लेखांत होतं. दीडशे पानांत त्यांनी आयुष्यभरातली एकच धाडसाची गोष्ट झाकली होती, कारण ती नियमात बसत नव्हती. त्या दीडशे पानांत नाना कुठे नव्हतेच. होते ते या चार कागदांत, आणि तिथे ते दुसऱ्याची पोळी खात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्नेहलला फोन करून छपाई थांबवली. "बरं झालं," ती म्हणाली. हेमराजांना फाटकावरच सांगितलं की समिती बरखास्त.

"मंग माझं अध्यक्षपद?"

"गेलं."

"चाला," हेमराज म्हणाले. "लय ताप होता डोक्याले."

नानांनी धुळ्याची एसटी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती आणि नाना मनात मुद्दे जुळवत होते. देवपुरात आधारचं घर शोधायला वेळ लागला नाही. ओट्यावर बसून तो पेपरशी भांडत होता. केस पांढरे झाले होते, बाकी तोच. त्याने नानांना पाहिलं, पेपर खाली ठेवला आणि घरातल्या अहिराणीत म्हणाला, "जळगावथून धुयाले येवाले अकरा वरीस लागनात?"

"मी म्हणणं मांडायला आलोय," नाना उभ्यानेच म्हणाले. "पोळीचा रकाना साफ खोटा आहे. मी ती वाटेत खात नव्हतो. कचेरीत पोचल्यावर खात होतो."

"बठ्ठं बाकीनं मान्य शे?"

"भित्रा मान्य आहे," ते म्हणाले. "आणि मानपत्राचंही. मी डॉक्टरांचं नाव खोडून तुझं घातलं होतं, आधार. एकोणीस वर्षं समोर बसलो आणि मला तुझ्याबद्दल एक ओळ लिहावीशी वाटली नाही. मला त्याची लाज वाटते."

द्रौपदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, नानांना पाहून दारातच थबकल्या आणि पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "भाऊ, बठा ना. उभा काब्रं शेतस?" तेव्हा नाना बसले. आधार उठून आत गेला आणि एक फुलस्केप, एक पट्टी आणि पेन घेऊन आला. रकाने आखलेलेच होते.

"आते मना लिखा," तो म्हणाला. "खरं लिखा."

नानांनी पेन उघडलं. निगर्वी आलं, हसतमुख आलं, अजातशत्रू आलं. इतक्या वर्षांच्या सवयीने सगळी आपापल्या जागी येऊन उभी राहिली. नानांनी त्यांना जाऊ दिलं. समोर बसलेल्या माणसाकडे नीट पाहिलं आणि लिहिलं, 'स्वभाव: श्री. आधार बागूल हे अत्यंत भांडखोर आहेत.'

आधार वाकून वाचत होता. "'अत्यंत' खोडा."

"का म्हणून?"

"पुरावा काय?"

"खोडू नका, भाऊ," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मी शे ना साक्षीले."

"मी अपील करसू," आधार म्हणाला.

"कर. पण समक्ष यावं लागेल. जळगावला."

आधारने त्यांच्याकडे पाहिलं. "घर तेच शे?"

"तेच आहे. दुसरं कोणी नसतं तिथे," नाना म्हणाले. हे वाक्य ते तीन वर्षांत पहिल्यांदा कोणापाशी बोलले होते.

"येसू," आधार म्हणाला. "पन 'अत्यंत' खोडल्याबिगर मी आठेन उठाव नही."

नानांनी ते खोडलं नाही.